चौथ्या मॅचचा निकाल

उत्तम, तुझ्या मरणाचं कार्ड मी चार दिवस वाचलंच नाही.

ते शनिवारी आलं. मधल्या सुट्टीत पोस्टमन राजन्ना शाळेच्या व्हरांड्यात आला, कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि हसत म्हणाला, "क्या मास्टरगारू, फिर हार गए?" कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड, वर वांकिडीचा शिक्का. तेवढं पाहिलं आणि माझं टाळकं सरकलं. मी ते उलटूनसुद्धा पाहिलं नाही. ड्रॉवर उघडला, खडूच्या डब्याखाली कार्ड सारलं आणि सातवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवायला गेलो.

हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो मला एक तर येडा म्हणेल, नाहीतर काळीज नसलेला. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आपल्या मुलखात एकाच कारणासाठी येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. असं कार्ड घरात नेत नाहीत. दारातच वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. पण तुझ्यामाझ्यात त्या कोपऱ्याचा अर्थ होता, 'मास्तर, तू हरलास.' आणि हे जगात फक्त आपल्या दोघांना कळत होतं. राजन्नाला थोडंसं, अंदाजाने. आता मी ते कुणाला समजावून सांगू?

सुरुवात तूच केली होतीस. आदिलाबादजवळ मावल्याच्या त्या खोलीत आपण सहा जण होतो, आठवतं? ट्रेनिंग कॉलेजला जाणारे आम्ही चौघं आणि नोकरीच्या परीक्षा देत बसलेले तुम्ही दोघं. खोलीत एक पेपर यायचा, तोही शेजारच्या सायकलवाल्याचा वाचून झाल्यावर. क्रिकेट खेळायला जागा होती, पण बॅट नव्हती, आणि खरं सांगायचं तर सहापैकी एकालाही धड खेळता येत नव्हतं. एका रविवारी तू खेळाचं पान जमिनीवर पसरलंस आणि म्हणालास, "आपल्याले खेळता येत नाई तं काय झालं? हे खेळून राह्यलेच ना आपल्यासाठी!"

मग चिठ्ठ्या टाकल्या. राज्याराज्यांच्या संघांतले खेळाडू आपण सहा जणांनी वाटून घेतले. कोणी मद्रासचा, कोणी दिल्लीचा, कोणी बंगालचा, सगळ्यांची खिचडी. मॅचआधी आपापले अकरा निवडायचे, त्यातला एक कप्तान. पेपरात आलेली धाव म्हणजे एक गुण, विकेटला वीस, झेलाला दहा, कप्तानाचं सगळं दुप्पट. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. हिवाळाभर साखळी सामने, आणि शेवटी पहिल्या दोघांत पाच मॅचची फायनल. तिकडे कुठे इंदूरला नाहीतर कटकला एखादा माणूस उन्हात घाम गाळत बॅटिंग करायचा आणि त्याला पत्ताही नसायचा, की मावल्याच्या एका पत्र्याच्या खोलीत तो उत्तमच्या टीममध्ये आहे आणि त्याने आज सेंच्युरी मारली नाही तर उत्तमला सहा जणांची भांडी घासावी लागणार आहेत.

दोन वर्षांत खोली मोडली. ज्याला त्याला नोकरी लागली. मी जैनथच्या मराठी शाळेत, तू वांकिडीच्या तहसिलीत. बाकीचे चौघं एकेक करून गळाले. एकाने तर पत्र लिहिलं, की आता लग्न झालं, पोरखेळ पुरे. ते वाचून तू मला लिहिलंस, "बरं झालं. आता साखळी सामनेच नाईत. आपली डायरेक्ट फायनल." तेव्हापासून दर हिवाळ्यात आपली पाच मॅचची फायनलच चालू आहे. अकरा खेळाडूंची नावं कार्डावर लिहायची, मॅच सुरू व्हायच्या आधीचा पोस्टाचा शिक्का पाहिजे. मग दोघांनी आपापल्या गावात येणाऱ्या पेपरातून बेरीज करायची. आधीच्या दहा वर्षांत सहा वेळा तू जिंकलास, चार वेळा मी. हे अकरावं वर्ष.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आदिलाबादच्या बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये आपण भेटायचो आणि खेळाडू वाटून घ्यायचो. वर्षातून एकदाच भेट, आणि ती अशी भांडणात जायची. तू कचेरीतलं रजिस्टर काढून बसायचास, लाल शाईने रेघा ओढलेलं. तुझी बोली सगळी तहसिलीतली. "हा डावखुरा मागच्या साली माह्या कब्ज्यात होता, तुह्या नावावर कसा चढवू? आधी दस्तखत कर." मी म्हणायचो, अरे तो मी चिठ्ठीत जिंकलाय. तू म्हणायचास, "चिठ्ठीबिठ्ठी मले सांगू नको. कब्जा कोणाचा हाय ते पाह्य." एकदा कँटीनवाला बराच वेळ ऐकत उभा राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "साब, भाई-भाई हो तो झगडा मत करो. जमीन किधर जाती?" तू तोंड पाडून त्याला म्हणालास, "बडे भाई हैं, पूरा बल्लेबाजी का हिस्सा खा गए." तो बिचारा माझ्याकडे असं बघायला लागला, की चहा मी अर्धाच टाकून उठलो.

आता कोपऱ्याचं. तुला हसू यायचं त्या चालीचं. "कागद फाडला म्हून माणूस मरते का बे? अन् न फाडल्यानं वाचते का?" तुमच्या घरात या गोष्टी आजोबांच्या काळातच सुटल्या होत्या, तुला त्यांची भीती नव्हती. एका साली तू मला तीन-शून्यने हरवलंस आणि कोपरा फाडून कार्ड पाठवलंस. राजन्ना तेव्हा नवा होता. तो उंबऱ्याबाहेर थांबला, टोपी काढली, कार्ड दोन बोटांत धरून लांबूनच पुढे केलं. माझी आई समोर ज्वारी पाखडत होती. तिने कोपरा पाहिला आणि कोण गेलं ते विचारायच्या आतच सूप टाकून गळा काढला. तिचा भाऊ आसिफाबादकडचा, तिला तोच वाटला. "माह्या दादा रे!" शेजारच्या दोन बाया धावत आल्या, त्याही रडायला लागल्या. मी कार्ड उलटलं. "कळवण्यास अत्यंत आनंद होतो की श्री. मास्तर यांची टीम आज सकाळी अकरा वाजता फॉलोऑन मिळून वारली. दहावा-तेरावा नाही. आपला, उत्तम."

मला हसू आवरेना, आणि तिथे तीन बाया रडतायत. आईला समजावून सांगायला अर्धा तास लागला. समजल्यावर तिने सूप उचलून माझ्याच पाठीत घातलं. म्हणाली, "त्या उत्तमले सांग, असं लिहू नाई बापा. खरं असते तवा कोण पाह्यते मंग?" आई जाऊन आता तीन वर्षं झाली. तिचं हे बोलणं मी तुला कळवलं होतं, तेव्हा तू उत्तर लिहिलंस की मावशीला सांग, खरं असेल तेव्हा मी स्वतः येऊन सांगीन. आपण दोघंही हसलो होतो. त्यानंतर जो जिंकेल तो कोपरा फाडायचा, हा नियमच झाला.

माझ्या बायकोला आपला हा खेळ कधी कळला नाही. तिचं चुकत नाही. चाळिशीला टेकलेला गणिताचा मास्तर जेवणाच्या ताटावर पेपर पसरून बेरजा करतो आणि मधेच "मेला! पुन्हा शून्यावर मेला!" म्हणून कपाळावर हात मारतो, हे बाईने किती दिवस कौतुकाने बघायचं? शाळेत मी कोणाला सांगितलं नाही. तिथे मी कडक म्हणून नावाजलेला. तुला मात्र सगळं ठाऊक होतं. मी कुठल्या बॅट्समनवर उगीच माया करतो, हरायला लागलो की माझं अक्षर कसं बारीक होतं, सगळं. मागे माझी बदली होणार म्हणून मी घाबरलो होतो, त्या हिवाळ्यात तू एका कार्डावर अकरा नावांखाली लिहिलंस, "बदली झाली तरी घाबरू नको. पोस्ट सगळीकडं असते." बस एवढंच. माझी बदली रद्द झाली, पण ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात बाळगलं. हे तुला कधी बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती.

"ये ना एकडाव वांकिडीले," हे तू दर दिवाळीला म्हणायचास. "वहिनीच्या हातचे पानगे खाय, दोन दिवस राह्य." मी म्हणायचो, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली की पेपर तपासणी, मग लग्नसराई, मग शाळा उघडणार. दहा वर्षांत जैनथहून वांकिडीला जायला मला वेळ झाला नाही. एका दिवसाचा तर रस्ता. तू तरी कुठे आलास, असं मी म्हणू शकतो, पण तू एकदा आला होतास, आई गेली तेव्हा. दिवसभर माझ्या ओसरीवर बसून होतास, क्रिकेटचं एक अक्षर बोलला नाहीस आणि संध्याकाळच्या बसने गेलास. ते मी विसरलेलो नाही.

यंदाची फायनल चांगली रंगली होती. पहिली तू घेतलीस, दुसरी मी, तिसरी पुन्हा तू. चौथी मी जिंकलो असतो तर दोन-दोन, आणि मग पाचवीला सगळा निकाल. तू जिंकला असतास तर तीन-एक, खेळ खल्लास. त्या चौथ्या मॅचला तुझा कप्तान होता बडोद्याचा तो डावखुरा, ज्याला तू कँटीनमध्ये माझ्या हातातून हिसकावून घेतलं होतंस. माझ्याकडे येणाऱ्या हैदराबादच्या पेपरात त्याचे रन होते सतरा. तुझ्याकडे येणाऱ्या नागपूरच्या पेपरात एक्काहत्तर. कप्तान म्हणजे दुप्पट. सतरा धरले तर मी जिंकतो, एक्काहत्तर धरले तर तू.

कोणाच्या तरी छापखान्यात आकडे उलटे पडले होते. मी गणिताचा मास्तर, मी पूर्ण धावफलकाची बेरीज करून सोक्षमोक्ष लावला असता, पण माझ्या पेपरात खालच्या तीन ओळी शाईने माखलेल्या होत्या आणि तुझ्या पेपरात नुसता थोडक्यात वृत्तांत. मावल्याच्या खोलीत एकच पेपर यायचा, म्हणून दोन पेपरांत भांडण झालं तर काय करायचं, हा नियम आपण केलाच नव्हता. अकरा वर्षांत गरजही पडली नव्हती.

तू लिहिलंस, "मास्तर, तुह्या पेपरावर चिमणी हगली असन. माहा पेपर पाह्य, साफ छापला हाय, एक्काहत्तर." मी लिहिलं की साफ छापलेलं खोटंही साफच दिसतं. तू लिहिलंस, "कचेरीत कोणाचाबी दाखला चालते, तुहाच चालत नाई." मी लिहिलं की माझ्या पेपरात एकेका खेळाडूचा हिशोब आहे, तुझ्यात नुसत्या गप्पा. चार कार्डं तुझी, चार माझी. पहिल्या दोनांत मजा होती, हे तूही मानशील. मग कुठेतरी ती मजा गेली. तुझ्या चौथ्या कार्डात तू लिहिलंस, "तुले हरता येत नाई, हे मले मावल्यापासून माहीत हाय." ते मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

मी उत्तर लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे, कारण तेव्हापासून मी ते हजारदा मनात वाचलं. "उत्तम, रडीचा डाव तू खेळतोस. मी अकरा वर्षं सहन केलं. यापुढे मला कार्ड पाठवू नकोस. लीग संपली." खाली नाव लिहिलं, 'मास्तर' नाही, तर पूर्ण नाव, आडनावासकट. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी जाऊन पेटीत टाकलं. टाकल्यावर हात आत घालून काढावंसं वाटलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला मी.

आणि शनिवारी ते फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आलं. मला वाटलं, तू माझं पत्र वाचलंस आणि उत्तर म्हणून स्वतःला विजेता ठरवून टाकलंस. पत्ता तुझ्या अक्षरात नव्हता, तेही मी पाहिलं. पण तू पूर्वी मला फसवायला चपराश्याकडून पत्ता लिहून घ्यायचास, तेव्हा त्यातही मला तुझा डावच दिसला. रविवार गेला. सोमवार, मंगळवार गेला. घरी मी उगीच सगळ्यांवर खेकसत होतो. बुधवारी शाळा सुटल्यावर ते कार्ड बाहेर काढलं, तेही तुझी खरोखर काही खबरबात घ्यायला नाही. तुला सणसणीत उत्तर लिहायचं, तर आधी तू काय लिहिलंयस ते पाहावं, म्हणून.

खाली तुझ्या थोरल्या भावाची सही होती. तीन ओळी होत्या. गुरुवारी सकाळी कचेरीला निघताना तू अंगणात बसलास आणि पुन्हा उठला नाहीस. जलदानविधी रविवारी. अवश्य यावे. तुझ्या हातात असतं तर त्याला कोपरा फाडू दिला नसतास, पण त्याने सगळ्या गावोगावच्या कार्डांचा फाडला असणार, लोकांना लवकर समजावं म्हणून. सगळ्यांना समजलं. एकट्या मला नाही.

कार्ड हातात घेऊन मी रिकाम्या वर्गात बसलो होतो. राजन्ना बाहेरून जाताना डोकावला. मी त्याला कार्ड दाखवलं आणि म्हटलं, "मेरा दोस्त गुजर गया." तो हसणार होता, मग त्याने माझं तोंड पाहिलं. "अय्यो सार," म्हणाला आणि टोपी काढून हातात घेतली. त्याला वाटत होतं, ते कार्ड हसत हसत देण्यात त्याचीही चूक झाली. त्याची काय चूक? ते हसू आपणच त्याला शिकवलं होतं.

गुरुवारी रजा टाकून निघालो. जैनथहून आदिलाबाद, तिथून आसिफाबाद, तिथून वांकिडी. कापूस भरलेल्या गाड्यांमागे बस सरकत होती. सबंध रस्ताभर मला एकच भीती होती, की माझं ते पत्र तू वाचलं असशील. हिशोब करत होतो, सोमवारी टाकलं, बुधवारी मिळालं असेल, गुरुवारी सकाळी तू गेलास. म्हणजे आदल्या दिवशी. म्हणजे ते वाचून. गणिताचा असला उपयोग आयुष्यात कधी केला नव्हता.

तुझं घर विचारावं लागलं. अकरा वर्षं ज्या पत्त्यावर लिहिलं ते घर कोणत्या गल्लीत आहे हेही मला माहीत नव्हतं. दारात तुझा भाऊ भेटला, त्याने मला ओळखलं नाही. मी म्हटलं, मी जैनथचा मास्तर. तो आत वळून म्हणाला, "अवं, ते कार्डवाले मास्तर आले." वहिनी बाहेर आल्या. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, उत्तम. फोटोसुद्धा पाहिला नव्हता.

"बसा मास्तर," त्या म्हणाल्या. "रविवारी लय वाट पाह्यली तुमची. म्या भाऊजीले म्हटलं, बाकी कोनी नाई आलं तरी चालते, मास्तर आले पाह्यजेन."

मी काय सांगणार? कार्ड उशिरा मिळालं, असं म्हणालो. खोटं बोललो. राजन्नाच्या डोक्यावर ढकललं. तेही तुला आता सांगून ठेवतो.

पाणी झालं, चहा झाला. मग वहिनी आत गेल्या आणि माझंच कार्ड घेऊन आल्या. रडीचा डाव, लीग संपली, ते. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे ते गेले त्याच दिशी आलं. इकडं मानसं दारात, अन् पोस्टमन कार्ड देऊन राह्यला. म्या दोन दिवसानं वाचलं." मग त्यांनी विचारलं, "हे काऊन लिहिलं होतं तुमी?"

भिंतीला टेकून चार-पाच पाव्हणे बसले होते. त्यांच्यासमोर मी समजावायला लागलो. बडोद्याचा एक डावखुरा असतो, तो उत्तमचा कप्तान, म्हणजे खरा नाही, कागदावरचा, माझ्या पेपरात सतरा आणि यांच्या पेपरात... पाव्हणे माझ्याकडे बघत होते, त्यातला एक हळूच उठून बाहेर गेला. मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिथे एकच माणूस असा होता, ज्याने हे सगळं ऐकून "बस कर मास्तर, चुकलं तुहं" असं म्हटलं असतं, आणि तो फोटोत होता.

तू ते वाचलं नव्हतंस. एवढं मात्र मी घट्ट धरून बसलो. तू गेलास तेव्हा तुझ्या लेखी लीग चालू होती.

वहिनींनी पाव्हण्यांना ऐकू जाणार नाही असं मला विचारलं, "मंग जिंकलं कोण, मास्तर?"

"उत्तम," मी म्हणालो. "तीन-एक."

त्यांनी मान हलवली. "नाई. खोटं नोका बोलू. आदल्या दिशी जेवताना मलेच म्हनत होते, मास्तरचं खरं असन, सतराच असतीन. उद्या लिहून टाकतो. पाचवी खेळाव लागते." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्या म्हटलं, इतके दिस भांडले अन् आता काऊन ऐकून राह्यले? तं म्हने, मास्तर रुसून बसला तं माहा हिवाळा कसा जाईन?"

मी उठून अंगणात गेलो. तू जिथे बसलास ते अंगण. कोणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. तिथे उभा राहून रडलो, मास्तरपण सोडून, माझ्या आईसारखा गळा काढून.

परत येताना बसमध्ये मला तुझा राग आला. हो, राग. अकरा वर्षांत तू एक रन मला सोडला नाहीस. एका झेलासाठी तू मला तीन कार्डं लिहायला लावलीस. आणि या एकाच वेळी, जेव्हा मला उलट बोलताही येणार नाही, तेव्हा तू माघार घेऊन मोकळा झालास. अशी कुठे माघार असते का? मला सांगून तरी घ्यायची.

तेव्हा आता माझं ऐक. हे कार्डावर मावणार नाही म्हणून कागदावर लिहितोय, आणि हे कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. मला सतरा मान्य नाहीत. तुझा पेपर साफ छापलेला होता, माझ्या पेपरावर शाई होती. त्या डावखुऱ्याला तू कँटीनमध्ये माझ्या हातातून ओढून घेतलंस तेव्हाच मला कळलं होतं, की हा पोरगा मोठे रन करणार. तो सतरावर जाणारा गडी नाही. त्याने एक्काहत्तर केले. कोणी काही छापो, वहिनी काही सांगोत, तू स्वतः काही म्हणालेला असो. चौथी तू जिंकलास. तीन-एक. फायनल संपली.

पुढच्या आठवड्यात बडोद्याची मॅच आहे, पेपरात आलंय. तू म्हणशील, सतराच धर, दोन-दोन कर, अकरा नावं लिही. मी नाही लिहिणार. एक्काहत्तरच होते, उत्तम. एवढी एक गोष्ट माझी मान. पाचवी मला एकट्याला खेळता येत नाही.